पुढे धुकं, थांबा!

पूर्वी दगड क्रशरकडे जायचा. आता क्रशरच दगडाकडे जातो. चेनपट्ट्यांवरचं ते धूड खाणीच्या एका पायरीवरून खालच्या पायरीवर नेणं, हे एकवीस वर्षांपासून मियोशीचं काम. गळ्यात रिमोटची पेटी अडकवायची आणि यंत्राशेजारून गोगलगायीच्या चालीने चालायचं.

डोंगर चुनखडीचा. दगड पांढरा, धूळ पांढरी आणि त्या सकाळी धुकंही पांढरं. आपण पाण्याखालून चाललोय असं मियोशीला वाटत होतं. त्याने नोकरीतला पहिला डबा डोंगरमाथ्यावर खाल्ला होता. डोंगर खोदत खोदत खाली आल्यामुळे ती जागा आता ऐंशी मीटर वर, आकाशात होती. वर पाहिलं की तिथे मांडी घालून भात खाणारा तरणा मियोशी त्याला दिसायचा. तो मात्र अगदी स्वच्छ दिसायचा.

"डावी कड, ठीक!" नियमाप्रमाणे बोट रोखून तो ओरडला.

"डावी कड, ठीक!" पुढे झेंडा घेऊन चालणाऱ्या कानाएने तेच परत म्हटलं. पटलं तरच परत म्हणायचं, असा नियम.

पायरीची कड त्याला दिसलीच नव्हती. चेनखालची खडी सैल वाजली की कड जवळ आली, एवढ्यावर त्याचं चाललं होतं. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरने सांगितलं होतं. खाणीत कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं असतं, आणि घरी भिंतींशी बोलायचं का? त्याने कुणापाशी ब्र काढला नव्हता.

"काका, आज भलतीच घाई? पेन्शन आणायला निघालात काय?"

"तू पुढे बघ. तुझ्या बडबडीने यंत्र बंद पडेल."

वळणावर खडीचा आवाज बदलला. सैल की घट्ट, त्याला काही कळेना. त्याने यंत्र थांबवलं.

"पुढे धुकं, थांबा!"

उत्तर नाही. तो पुन्हा ओरडला. मग खडीवर पावलं वाजत जवळ आली.

"कुठंय धुकं, काका?"

"हे काय, सगळीकडे!"

"ते मघाशीच गेलं. खाली समुद्र दिसतोय. तुमच्या खांद्यावर ऊन आहे."

तेव्हा कुठे त्याला ते ऊन जाणवलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"फेब्रुवारी."

यंत्र गुरगुरत उभं होतं.

"फेब्रुवारीपासून तुमच्या यंत्रापुढे मीच चालतेय, काका. मला दोन मुलं आहेत."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने गळ्यातला पट्टा काढला आणि तिचा आवाज आला होता तिकडे पेटी धरली. तिने ती घेतली. राग तिचा गेला नव्हता. तरी त्याची बाही धरून तिने त्याला कडेपासून आतल्या बाजूला घेतलं.