बिनकुलपाची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. सोलापुरात एका गिरणीमागच्या चाळीत, खिडकीखाली माझी जागा आहे. माझ्या डाव्या अंगावर अजून काळी इंग्रजी अक्षरं पुसट दिसतात. माझ्या फळ्या विलायतेहून गिरणीची यंत्रं घेऊन आल्या होत्या. यंत्रं आत बसली, चालू लागली, आणि फळ्या मागच्या आवारात उन्हात पडून राहिल्या. १९२६ साली मडिवाळप्पा सुतारानं त्यांतल्या बऱ्या फळ्या निवडल्या, रंधा मारला आणि सहा रविवार खपून मला उभं केलं.

मी झाले तेव्हा त्यानं विचारलं, "कुलूप कंचं लावू?"

"कुलूप ब्याड," रुद्राणी म्हणाली. ती गिरणीत सूत गुंडाळण्याच्या खात्यात काम करायची. घरी कानडी बोलायची, त्यामुळे 'नको' म्हणताना तिच्या तोंडून 'ब्याड'च यायचं. "कुलूप आलं की किल्ली आली. किल्ली आली की ती कुणाकडं, हे भांडान आलं."

मडिवाळप्पा हसला आणि त्यानं कडीसुद्धा लावली नाही.

त्या चाळीतल्या खोलीत गिरणीकामगारांचं वाचनघर होतं. त्याला अध्यक्ष नव्हता, चिटणीस नव्हता. गंगाधर मास्तर नावाचे एक शाळामास्तर रविवारी येत आणि मुंबईहून आणलेलं एक इंग्रजी पुस्तक मराठीत सांगत. माणसांवर हुकूम चालवणारं कुणी नसलं तरी माणसं एकमेकांच्या आधारानं नीट राहू शकतात, असं त्यात लिहिलं होतं. पहिल्याच दिवशी बिरप्पानं त्यांना अडवलं. बिरप्पा कताईखात्यातला, अंगानं आडदांड, पण अक्षर मोत्यासारखं.

"मास्तर, राज्य न्हाय म्हंजी दंगाच की!"

मास्तर म्हणाले, "तुमच्या बारा दिवसांच्या संपात सगळ्या चाळीचा स्वयंपाक एका चुलीवर व्हायचा. तो कुणाच्या हुकमानं झाला?"

बिरप्पानं डोकं खाजवलं. "कुणाच्याच न्हाय. झाला की." आणि त्याच आठवड्यात त्यानं त्या संपाची हकिकत लिहायला घेतली. माझ्या पोटात ठेवलेलं ते पहिलं दप्तर. मग पत्रं आली, पत्रकं आली, रविवारच्या बैठकींच्या वह्या आल्या. कुणी काही लिहिलं की झाकण उघडून आत ठेवायचं. वाचायचं असलं की काढायचं आणि परत ठेवायचं. मी भरत गेले आणि मला त्याचा अभिमान वाटू लागला.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या जत्रेत मला हातगाडीवरून गड्ड्यावर, म्हणजे जत्रेच्या मैदानावर, नेत. मडिवाळप्पानं माझं झाकण असं बसवलं होतं की ते उलटून बाहेरच्या कडेला दोन पाय लावले की त्याचं मेज व्हायचं. बांगड्यांचं दुकान आणि पाळणा यांच्यामध्ये आमची पुस्तकं मांडलेली असत, मराठी, कानडी, तेलुगू. एक पुस्तक ठेवा, एक न्या, एवढाच व्यवहार. करकंबच्या एका शेतकऱ्यानं बैलांच्या औषधांची स्वतः लिहिलेली वही ठेवली आणि भूगोलाचं पुस्तक नेलं. पुढच्या वर्षी तो परत आला आणि म्हणाला, "ह्यात आमचं गावच न्हाय!" ते पुस्तक बदलून देताना सगळे पोट धरून हसले.

खोलीत माणसं मावेनाशी झाली. काहींना वाटलं, मोठी जागा बघावी. रुद्राणी म्हणाली, "मोटं कशाला? दुसरं काढू." मग तेलुगू विणकरांच्या गल्लीत दुसरं वाचनघर निघालं आणि अक्कलकोटच्या रस्त्याला तिसरं. प्रत्येकासाठी मडिवाळप्पानं एकेक पेटी केली. त्या माझ्या धाकट्या बहिणी.

मग १९३० सालचा मे महिना आला. शहरात गोळीबार झाला, लष्करी कायदा पुकारला गेला. खादीची टोपी घातली म्हणून माणसं पकडली जाऊ लागली. घरोघर झडत्या सुरू झाल्या. एका सकाळी सगळे माझ्याभोवती बसले.

"जाळून टाका," बिरप्पा म्हणाला. "ह्यात नावं हायती."

"जाळलं तर आपुन हुतो, हे कुणी सांगायचं?" रुद्राणीनं विचारलं.

गंगाधर मास्तर एकेक वही उघडून बघत होते. बैठकींच्या वह्यांत पानोपानी त्यांचं अक्षर होतं. सगळ्यांना पटल्याशिवाय काही ठरवायचं नाही, अशी त्या घराची रीत होती. त्यामुळे ऊन दारातून आत येऊन माझ्या झाकणावर चढलं तरी ती माणसं बसूनच होती. शेवटी मडिवाळप्पा बोलला, "ज्यानं लिवलं त्यानं आपलं न्यावं. ठिवावं वाटलं त्यानं ठिवावं. भ्या वाटलं त्यानं जाळावं. पुन्हा कुणी कुणाला इचारायचं न्हाय."

हे सगळ्यांना पटलं. भाकरीच्या फडक्यात, पिठाच्या डब्यात, लुगड्याच्या घडीत माझं सारं दप्तर दुपारपर्यंत बाहेर गेलं. मित्रांनो, रिकामं होणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

दोन दिवसांनी शिपाई आले. त्यांच्या जमादारानं माझं झाकण उघडलं. आत मागाचा एक मोडका धोटा आणि कानडी अंकलिपी होती.

"अध्यक्ष कोण इथला?"

"न्हाय," रुद्राणी म्हणाली.

"चिटणीस?"

"त्यो बी न्हाय."

"मग चालवतं कोण हे?"

"आमी."

"आम्ही म्हणजे कोण?"

"जे येत्यात ते." तिनं त्याला तांब्याभर पाणी दिलं. तो माझ्यावर टेकून पाणी प्याला आणि गेला.

बिरप्पाला मात्र त्याच आठवड्यात रस्त्यावरून उचललं. सात महिन्यांनी तो सुटला तो खोकला घेऊनच. फाल्गुनात तो गेला.

लष्करी कायदा केव्हाच उठला होता. एकेक कागद माझ्याकडे परतू लागला. कुणाचा तेलकट झाला होता, कुणाचा उंदरानं कुरतडला होता. मास्तरांनी आपल्या वह्या स्वतः जाळल्या होत्या. तसं त्यांनी मान खाली घालून सांगितलं आणि ठरल्याप्रमाणे कुणी त्यांना काही विचारलं नाही. फक्त बिरप्पाची हकिकत आली नाही. त्याची बायको वच्छला वाचनघरापुढून जाताना पदर ओढून घाईनं निघून जायची.

एका रविवारी रुद्राणीनं तिला हाताला धरून आत आणलं. वच्छला दारातच रडू लागली.

"अक्का, म्या जाळलं. त्यास्नी धरून नेलं त्या दिशी चुलीत घातलं. सुटून आल्यावर त्यांनी इचारलं तर ठिवलंय असं म्या म्हनलं. मरूस्तवर खरं सांगितलं न्हाय."

रुद्राणी तिच्याजवळ बसली. "त्यात काय हुतं, ठावं हाय तुला?"

"मला कुटं वाचाय येतंय?"

"बारा दिवस सैपाक कुणी केला?"

"आमीच की. म्या, रंभाबाई, तेलंगी गल्लीच्या चौघी."

"मग सांग की तेच."

गंगाधर मास्तरांनी दौत उघडली. वच्छला आधी अडखळली. मग सांगत गेली. पहिल्या दिवशी ज्वारी कुणी आणली, तिसऱ्या दिवशी सरपण संपलं तेव्हा एका घराचं मोडकं दार कसं चुलीत गेलं, कुणाच्या हातचं कुणी खायचं यावरून चाळीत तंटा झाला तेव्हा रंभाबाईनं सगळ्यांचं पीठ एकाच परातीत कसं ओतलं आणि म्हणाली, "आता निवडा!" सांगता सांगता वच्छलाचे डोळे कोरडे झाले, हात परातीत पीठ मळल्यासारखे हलू लागले. तीन रविवार ती सांगत होती. बिरप्पाची हकिकत माझ्या पोटात चार वर्षं होती. तिच्यात सभा होत्या, भाषणं होती. ही परात तिच्यात नव्हती.

शेवटच्या पानावर मास्तरांनी 'बिरप्पाची हकिकत' असं लिहायला टाक टेकवला. वच्छला हळूच म्हणाली, "मास्तर, माजं नाव घालाल का?"

मास्तरांनी 'सांगणार वच्छला' असं लिहिलं. तिनं ती ओळ बोटानं चाचपून पाहिली.

त्यालाही आता काही वर्षं झाली. मास्तरांची बदली झाली, मडिवाळप्पाची नजर गेली, रविवारची माणसं कमी झाली. वाचनघर रुद्राणी अजून उघडते, पण माझं झाकण फारसं कुणी उघडत नाही. दोन उन्हाळे कुणीतरी माझ्यावर पाण्याचा माठ ठेवला. ओल आत उतरली, एक कोपरा कुजला आणि त्या वाटेनं वाळवी आली. पत्रकांचा एक गठ्ठा तिनं खाल्ला. त्यात काय होतं, हे आता सांगणारंही कुणी उरलेलं नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्हांला एक विनंती आहे. माझ्यासारखी पेटी तुमच्या घरी असेल तर तिच्यावर माठ ठेवू नका. वर्षातून एकदा कागद उन्हात घाला. आणि ज्या माणसाला कधी कुणी काही विचारलं नाही, त्याच्याजवळ जाऊन बसा, विचारा, आणि तो सांगेल तसं लिहून घ्या. खाली त्याचं नाव घालायला विसरू नका. मी लाकूड आहे. तुम्ही आत ठेवाल तेवढंच मला सांभाळता येतं.