एकशे एकविसावा जवान

पकापुन्यालच्या लष्करी छावणीतला तो फोटो चांगला दीड हात लांब होता. साल एकोणीसशे त्रेपन्न, सक्तीच्या लष्करी शिक्षणाला आलेली एकशे वीस पोरं, आणि डावीकडून उजवीकडे सावकाश फिरणारा कॅमेरा. डाव्या टोकाला उभा असलेला क्लॅरी, ते टोक टिपून झालं तसा रांगेच्या पाठीमागून धावत सुटला आणि उजव्या टोकाला जाऊन उभा राहिला. फोटोत एकशे एकवीस जण निघाले. सार्जंट नियमाचा पक्का. त्याने डाव्या क्लॅरीला आठवडाभर बटाटे सोलायला लावले आणि उजव्याला संडास धुवायला.

पुढे क्लॅरीची बायको वारली, तेव्हा ग्लेंडा आणि नेव्हिल ही त्याची दोन गुणी लेकरं या फोटोवरून हातघाईवर आली. शेवटी तो मधोमध फाडला. बाप दोघांनाही मिळाला, तंटा मिटायला हवा होता. पण नाही! खरा बाप कोणाच्या वाट्याला आला, यावरून अकरा वर्षं अबोला.

आता क्लॅरीला सकाळचा चहा दुपारी आठवत नव्हता. तो सगळंच विसरण्याआधी भाऊ परत मिळावा, एवढंच ग्लेंडाला हवं होतं. म्हणून तिने बेंडिगोच्या वृद्धाश्रमात वडिलांच्या वाढदिवसाला नेव्हिलला बोलावलं, त्याच्या अर्ध्या फोटोसकट. तो आला, पण दारातच अडून बसला.

"आधी कबूल कर. डावीकडे ते आधी उभे होते. तुझ्याकडचा नकली."

गोडीगुलाबीने घ्यायचं ठरवून आलेली ग्लेंडा भडकलीच. "अरे जा! माझ्याकडचा धापा टाकतोय, नीट बघ. नकली माणूस कधी धापा टाकतो का?"

"बाबांनाच विचारू."

"विचार की!"

दोन्ही तुकडे क्लॅरीच्या पांघरुणावर ठेवले. त्याने लॅमिंग्टन केकवरचा खोबऱ्याचा कीस बोटांवरून झटकला आणि बराच वेळ पाहिलं.

"हा माझ्या आईसाठी," त्याने डाव्यावर बोट ठेवलं. "आणि हा तुमच्या आईसाठी. फोटो एकच मिळणार होता. दोघी भांडू नयेत म्हणून पळालो."

"मग त्यांनी कापला का नाही?" नेव्हिलने विचारलं.

"कापणार होत्या. कात्री आणली, आणि मग दोघींनाही हात लावावासा वाटेना. तसाच अख्खा टांगला स्वयंपाकघरात."

ग्लेंडाने नेव्हिलकडे पाहिलं. तो मान खाली घालून दोन्ही तुकडे एकमेकांना भिडवत होता. फाटलेल्या कडा काही केल्या जुळेनात, म्हणून तिने एक बाजू धरली.

क्लॅरीने त्या फटीवरून अंगठा फिरवला.

"इथे मी पळत होतो," तो म्हणाला. "नेमकं इथेच फाडलंत होय रे?"