तपासनीस आणि उकडलेला भोपळा

बत्तीस वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरांत नाक खुपसण्याचा पगार घेऊन तपासनीस निवृत्त झाले. शहरातल्या खाणावळी, बेकऱ्या, हॉटेलं त्यांना टरकून असत. ते दारात दिसले की आचाऱ्यांच्या हातून झाकणं निसटत. कुणाकडून साधा चहाचा घोटही घेतला नाही, हा त्यांचा अभिमान. पदार्थ तपासायचा तर डोळे बारीक करायचे, नाकपुड्या फुगवायच्या, जिभेच्या टोकावर कणभर ठेवायचा आणि लगेच बाजूला थुंकायचा. बत्तीस वर्षांत ही सवय इतकी मुरली की घरच्या जेवणालाही ते असंच तोंड करत. थुंकत नसत, एवढंच. बायको होती तोवर तिने ते मनावर घेतलं नाही.

आता ते मुलीकडे राहायला आले होते. मुलगी इमारतींचे नकाशे काढायची. तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि जावई महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. नात सहा महिन्यांची. गोल गरगरीत असल्यामुळे सगळे तिला ढमी म्हणत.

"दुधाशिवाय काहीतरी सुरू करायला हवं तिला," मुलगी म्हणाली. "तयार डबे आणून ठेवू का?"

"डबे? डब्यांचे कारखाने मी आतून पाहिलेत."

"मग करणार कोण? मी सोमवारपासून ऑफिसात."

"मी करेन."

"बाबा, तुम्हाला साधा चहा येत नाही."

"स्वयंपाक शिकता येतो," तपासनीस म्हणाले. "स्वच्छता अंगात असावी लागते."

त्यांनी सगळ्यात आधी मुलीचं स्वयंपाकघर तपासलं आणि नापास केलं. मिक्सरच्या झाकणाच्या रबरात काळी बुरशी निघाली. फ्रिजच्या दाराच्या खाचेत कुठल्या जमान्यातला वाटाणा निघाला. लाकडाच्या चिरांत जंतू राहतात म्हणून सगळ्या लाकडी पळ्या आणि रगडायचा लाकडी दांडासुद्धा कचऱ्यात गेला.

"याच पळीने आईने मला भरवलंय," मुलगी कळवळून म्हणाली.

"तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं."

सोमवारी काम सुरू झालं. गाजर तीनदा धुऊन, सोलून, वाफवून, मिक्सरमधून काढून, वर चाळणीतूनही गाळलं. उरलेलं बर्फाच्या साच्यात गोठवलं आणि साच्यावर तारखेची चिठ्ठी लावली. एका वेळी एकच पदार्थ, तोच तीन दिवस, म्हणजे काही बाधलं तर काय बाधलं ते कळतं. मीठ नाही, साखर नाही आणि मध तर वर्षाची होईपर्यंत नाहीच. हे सगळं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं होतं. थर्मामीटर आणि वही मात्र तपासनिसांची स्वतःची भर होती. वहीत रकाने पाडले होते : पदार्थ, तापमान, वेळ, दिलेले चमचे, परत आलेले चमचे.

पहिल्या दिवसाची नोंद अशी : गाजर. दिलेले सात, परत आलेले सात.

ढमीला उंच खुर्चीत ताठ बसवायचं, चमचा आधी स्वतः तपासायचा, मग तिच्या तोंडाशी न्यायचा, ओठाला लागलेलं लगेच उकळलेल्या फडक्याने पुसायचं आणि वहीत लिहायचं. तिसऱ्या चमच्याला ढमीने तोंड असं काही मिटलं की जणू आत दागिने ठेवलेत. गाजर झालं, बटाटा झाला, नासपती झाली. तीन आठवडे झाले. परत आलेल्यांचा रकाना भरत गेला. एकदा तर दिलेले पाच आणि परत आलेले सहा अशी नोंद झाली, कारण आदल्या दिवशीचा एक चमचा गालात राहिला असावा असा तपासनिसांचा संशय होता.

"दूध पितेय ना? वजन वाढतंय ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग घाई कसली? सुरुवातीला मुलं थुंकतातच. खेळीमेळीने घ्या."

खेळीमेळी हा शब्द कुठल्याच रकान्यात बसेना. बाई निष्काळजी आहेत, असं मत करून तपासनीस घरी परतले.

चौथ्या आठवड्यात लाल भोपळ्याची पाळी आली. फोडी वाफवून झाल्या आणि मिक्सर लावायला गेले तर वीज गायब. ढमी खुर्चीत बसून पालथ्या वाटीवर चमचा बडवत होती. रगडायचा दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने टाकून दिला होता. काट्याने चेचून पाहिलं तर गुठळ्या राहिल्या, आणि गुठळी म्हणजे ठसका.

तळमजल्यावर खाणावळ होती. तिथे भाज्या चेचायचा चांगला दणकट रगडा असणार, हे तपासनिसांना पक्कं ठाऊक होतं, कारण अकरा वर्षांपूर्वी त्यांनी तो हातात घेऊन तपासला होता आणि नंतर ती खाणावळ आठ दिवस बंद ठेवायला लावली होती. मुलीने घर घेतलं ते नेमकं तिच्याच डोक्यावर. राहायला आल्यापासून ते मागच्या जिन्याने ये-जा करत होते.

शेवटी एका हातात भोपळ्याचं पातेलं आणि काखेत नात घेऊन ते पुढच्या जिन्याने उतरले.

खाणावळवाल्या मावशी कांदे चिरत होत्या. सकाळची गर्दी ओसरली होती. त्यांनी वर पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

"या साहेब. आज काय बंद करायचंय?"

"रगडा हवा होता," तपासनीस म्हणाले. "पाच मिनिटांसाठी."

मावशींनी पातेल्यात पाहिलं, बाळाकडे पाहिलं. "हिच्यासाठी? आणा इकडे. आणि जिच्यापायी कुलूप लावलंत ती उघडी मोरी आता बंद केलीय हं, बघून घ्या. तुमचं बरोबर होतं तेव्हा. फार शिव्या दिल्या मी तुम्हाला. पण त्या आठ दिवसांत वीस वर्षांत पहिल्यांदा दुपारची झोपले."

मावशींनी हात धुतले, रगडा उकळत्या पाण्यातून काढला आणि भोपळा लोण्यासारखा मऊ केला. तपासनिसांनी चमचा घेतला आणि सवयीप्रमाणे आधी स्वतः तपासला. डोळे बारीक, नाकपुड्या वर. मग चमचा ढमीसमोर गेला. ढमीनेही डोळे बारीक केले, इवल्याशा नाकपुड्या फुगवल्या आणि ओठ आवळले.

मावशी इतक्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"अहो साहेब, आरशात बघितलंय का कधी? हेच तोंड! हे तोंड बघून माझ्या आचाऱ्याच्या हातून रस्सा सांडला होता. पोरीला वाटतंय, आजोबांच्या तोंडात विष गेलं. मग ती कशाला खाईल?"

"मी तिच्याच सुरक्षिततेसाठी..."

"तुम्ही तिला भरवत नाही, तपासता. बसा इथे. सकाळपासून काही खाल्लंय का?"

खाल्लं नव्हतं. वाफवणं, गाळणं, उकळणं यात सकाळ निघून जायची. मावशींनी एका वाटीत तोच भोपळा त्यांच्यापुढे ठेवला. "खा. जिभेच्या टोकावर नाही. जेवल्यासारखं खा."

तपासनिसांनी मोठा चमचा तोंडात घातला. बत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर खाणावळीत बसून त्यांनी घेतलेला हा पहिला घास. मीठ नाही, फोडणी नाही, नुसता कोमट, गोडसर भोपळा. थुंकायचं नाही म्हटल्यावर तो गिळावा लागला आणि गिळल्यावर त्यांना कळलं की आपल्याला सपाटून भूक लागली आहे. दुसरा चमचा घेतला. तिसरा घेताना त्यांचे डोळे आपोआप मिटले.

उघडले तेव्हा मांडीवरची ढमी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती आणि तिचं स्वतःचं तोंड उघडं होतं. मग तिने वाट पाहिली नाही. सरळ वाटीत हात घातला आणि मूठ तोंडात कोंबली. गालाला, भुवईला, आजोबांच्या सदऱ्याला भोपळा लागला. तपासनिसांचा हात फडक्याकडे गेला.

"हात लावाल तर याद राखा," मावशी म्हणाल्या.

किती चमचे गेले आणि किती परत आले, ते कुणी मोजलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून अकराच्या सुमाराला आजोबा-नात खाणावळीत कोपऱ्यातल्या टेबलाशी दिसू लागली. गावभर व्हायचा तो परिणाम झाला. ज्या माणसाने कुठे पाण्याचा थेंब घेतला नाही, तो इथे रोज वाट्या चाटून खातो, ही बातमी फिरली आणि मावशींकडे जागा मिळेना. बाकीच्या हॉटेलवाल्यांनी मात्र हा पाळतीचाच नवा प्रकार आहे, असं समजून घासूनपुसून स्वयंपाकघरं लखलखीत केली. नोकरीत असताना तपासनिसांना हे एवढं कधी साधलं नव्हतं.

रविवारी मुलीला सुट्टी होती. आज मीच भरवते, म्हणून ती वाटाण्याचा लगदा घेऊन बसली. आठवडाभराची कामं तुंबलेली, केस तसेच वर बांधलेले. तिने चमचा नाकाशी नेला, डोळे बारीक केले, जिभेचं टोक लावून पाहिलं आणि ढमीपुढे धरला. ढमीने तोंड मिटलं.

"बाबा, ही माझ्याकडून घेत का नाहीये?"

तपासनीस दारातून बघत होते. आपला चेहरा त्यांनी आजवर आरशात नीट पाहिला नव्हता. तो आता त्यांना मुलीच्या तोंडावर दिसला, अगदी हुबेहूब. लहानपणी हीसुद्धा जेवताना दोन-दोन तास ताटावर बसायची आणि बायको रडकुंडीला यायची. तेव्हा ते दुसऱ्यांची स्वयंपाकघरं बंद करण्यात गुंतलेले असायचे. घरी जेवायला बसले की मात्र मुलगी समोर असायची.

त्यांनी एक वाटी घेतली, तीत अर्धा लगदा काढला आणि ती मुलीपुढे ठेवली.

"तिचं राहू दे. आधी तू खा."

"मी? अहो, मला धुणं लावायचंय अजून."

"नाश्ता केलास?"

तिने चमचा तोंडात घातला आणि म्हणाली, "अळणी आहे हो."

"आहेच. पण वाटाणा चांगला कोवळा आहे. सावकाश खा."

ती खात राहिली. ढमी खुर्चीतून पुढे वाकली आणि तिने आईच्या मनगटाला घट्ट धरलं.