प्रतिज्ञा संपेपर्यंत

ग्वेनने आईच्या स्वेटरवरची झेंड्याची पिन काढली आणि टेबलावर, पाण्याच्या ग्लासमागे लपवून ठेवली. आईने ग्लास उचलला, पाण्याचे दोन घोट घेतले, पिन हातात घेतली आणि परत स्वेटरवर टोचली. या खेपेस जरा वाकडी.

"कुणी दिली ही?" ग्वेनने विचारलं.

"माझीच आहे," आई म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "तुम्हाला हवी आहे का? त्यांच्याकडे डबाभर आहेत."

आई तिला 'तुम्ही' म्हणायला लागून वर्ष होत आलं होतं. आधी आधी ग्वेन चूक सुधारायची. आता तिने तो नाद सोडला होता. दोघींच्या मध्ये खिडकी होती, खिडकीबाहेर सोयाबीनची कापणी झालेलं शेत होतं आणि शेतापलीकडे धान्याची उंच कोठारं. इंडियानातल्या त्या गावात खिडकीबाहेर एवढंच दिसायचं, आणि वृद्धाश्रमाच्या सगळ्या खोल्यांतून तेच दिसायचं.

दारावर टकटक झाली. शेल्बी आत आली. सकाळचे कार्यक्रम घेणारी, पंचविशीतली, पायात लखलखीत गुलाबी बूट घालणारी मुलगी. तिनेच फोन करून ग्वेनला बोलावलं होतं.

"चला, मिस लॉर्ना! सभेची वेळ झाली."

आई लगेच उठली. जेवायला चला म्हटलं तर अर्धा तास लावणारी बाई चटकन उठली आणि केसांवरून हात फिरवत शेल्बीच्या पुढे चालू लागली.

"बघितलंत ना?" शेल्बी हळूच म्हणाली. "तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत, सकाळच्या सभेला हिला नेऊ नका. आम्ही नेत नाही हो, मिस ग्वेन. त्याच जातात. आणि प्रतिज्ञा सुरू झाली की सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा."

"सगळी म्हणते?"

"सगळी. एक शब्द सोडत नाहीत."

ग्वेनने पर्सचा पट्टा खांद्यावर सारखा केला. तो सारखाच होता.

"तुम्ही म्हणाल तसं करू," शेल्बी म्हणाली. "तेवढ्या वेळापुरतं त्यांना खोलीत ठेवता येईल. पण मग दार लावून घ्यावं लागेल, आणि बाहेर कुणीतरी थांबायला लागेल. नाहीतर त्या दार वाजवत बसतात. आज एकदा बघा आणि काय ते मला सांगा."

हे एवढं अवघड का होतं, ते शेल्बीला कळण्यासारखं नव्हतं. तिच्या आईचासुद्धा तेव्हा जन्म झाला असेल-नसेल. पण गावातल्या जुन्या माणसांना विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं, की लॉर्ना हॉफस्टेटर म्हणजे देवाला कोर्टात खेचणारी बाई. गावाने केलेलं हे वर्णन होतं. लॉर्नाला ते मान्य नव्हतं. ती म्हणायची, देवाचं आणि माझं काही भांडण नाही, तो त्याच्या घरी सुखी असू दे. झेंड्याशी तर तिचं भांडण नव्हतंच. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, तिच्या ओसरीवर इतरांच्या आधी झेंडा लागायचा. तिचं भांडण रोज सकाळी शाळेत झेंड्यासमोर म्हणायच्या प्रतिज्ञेतल्या दोन शब्दांशी होतं. एक राष्ट्र, देवाच्या छायेखाली. ती छाया घरी घ्या, चर्चमध्ये घ्या, पण सरकारी शाळेत लेकरांच्या डोक्यावर धरू नका, एवढंच तिचं म्हणणं.

शाळा समितीच्या सभेत ती उभी राहून बोलली होती. ग्वेन तेव्हा तिसरीत होती आणि पहिल्या रांगेत बसली होती.

"मी दुसरीत होते तेव्हा प्रतिज्ञेत देव नव्हता," आई म्हणाली होती. "उन्हाळ्याची सुट्टी लागली, मी तिसरीत आले, तर होता. सुट्टीत कुणी आणून बसवला, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही."

मागे कुणीतरी एकच जण हसला होता. मग अर्डिथ प्रुइट उभी राहिली. ग्वेनच्या जिवाभावाच्या मैत्रिणीची, टॅमीची आई. तिने ओरडाआरडा केला नाही. ती म्हणाली, माझा भाऊ रोज सकाळी हीच प्रतिज्ञा म्हणून मोठा झाला आणि व्हिएतनामहून पेटीतून परत आला. लॉर्ना, त्याने म्हटलेल्यातलं काय काय तुला कापायचंय, ते आत्ताच सांगून टाक. लॉर्ना खाली बसली.

खटला दोन वर्षं चालला आणि आई हरली. पण त्याआधीच मुख्याध्यापकांनी मधला मार्ग काढला होता. मुलांवर सक्ती करता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हा ज्या मुलांना प्रतिज्ञा म्हणायची नाही त्यांनी ती संपेपर्यंत वर्गाबाहेर उभं राहावं, असं ठरलं. अशी मुलं म्हणजे एकटी ग्वेन.

ती रोज बाहेर उभी राहायची. हिरव्या फरशा, कोट अडकवायच्या खुंट्या, भिंतीला लावलेलं पिण्याच्या पाण्याचं यंत्र, त्याची घरघर. दाराच्या काचेतून छातीवर ठेवलेले हात दिसायचे. प्रतिज्ञा संपली की वर्गशिक्षिका मिसेस डिलार्डनी दार उघडून तिला आत घ्यायचं, असा नियम होता. कधी कधी त्या विसरायच्या. त्या वाईट नव्हत्या, खरंच विसरायच्या. मग गणित सुरू व्हायचं आणि ग्वेन बाहेरच असायची. दार ठोठावायचा तिला धीर होत नसे. कोट घ्यायला किंवा लघवीला कुणीतरी बाहेर येईपर्यंत ती खुंट्यांवरची नावं वाचत राहायची.

संध्याकाळी आई विचारायची, "आज ताठ उभी राहिलीस ना?"

"हो," ग्वेन सांगायची. आणि ते खरंच होतं.

नवव्या वाढदिवसाला आईने केक केला होता, रंगीत कागदाच्या टोप्या आणल्या होत्या. टॅमीसुद्धा आली नाही. अंधार पडल्यावर आईने स्वतःच एक टोपी घातली, एक बाबांच्या डोक्यावर ठेवली आणि तिघांनी केक खाल्ला. पुढच्या वर्षी बाबांनी लुईव्हिलला काम धरलं. आधी दर शनिवारी यायचे, मग महिन्यातून एकदा, मग नाताळला. नंतर फक्त त्यांचं भेटकार्ड यायचं. उरल्या दोघी. आईला तिचं म्हणणं होतं आणि ग्वेनला आई होती.

आणि आता ते म्हणणंच आई विसरली होती. ज्यासाठी ग्वेनने अख्खं लहानपण मोजलं, त्याची आठवण असणारी ती एकटीच मागे राहिली होती. म्हणून तर तिने पहिल्या दिवशी तेवढं एकच बजावून सांगितलं होतं. दुसरं काय राखायचं होतं तिने?

मोठ्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या होत्या. कोपऱ्यात झेंडा, टेबलावर कॉफीची किटली आणि बिस्किटं. आई एका चाकाच्या खुर्चीशेजारी जाऊन बसली. खुर्चीतल्या बाईने तिची वाकडी पिन सरळ केली. ग्वेनने त्या बाईकडे पाहिलं आणि ती दारातच थांबली.

"ये की," अर्डिथ प्रुइट म्हणाली. "चावत नाही मी. दात रात्री काढले ते अजून पेल्यातच आहेत."

तिचे पाय गेले होते, पण नजर तीच होती. ग्वेन जवळ गेली. आईचं लक्ष बिस्किटांकडे होतं.

"तुम्ही इथे आहात, मला माहीत नव्हतं," ग्वेन म्हणाली.

"ईस्टरपासून आहे. टॅमी टेक्ससला असते. फोन करते बिचारी, मनात आलं की." अर्डिथने आवाज खाली आणला. "हे बघ, मी तिला काही शिकवलेलं नाही हं. आधीच सांगून ठेवते. ती आपली आपण म्हणते. पहिल्या दिवशी मीच दचकले. माझी प्रतिज्ञा तिथेच थांबली, बाईसाहेब मात्र पुढे निघून गेल्या."

"तुम्हाला बरं वाटलं असेल."

"वाटायला हवं होतं." अर्डिथने मांडीवरची शाल ओढून घेतली. "एवढी वर्षं वाटायचं, ही एक दिवस ते शब्द म्हणेल आणि मी ऐकेन. आता ऐकते रोज. पण जिंकले म्हणायला समोर कोणीतरी लागतं ना गं? ही मला विचारते, तुझा भाऊ कसा आहे. बरा आहे म्हणून सांगते."

"अर्डिथ," आई म्हणाली, "तुझी कॉफी गार होतेय." आणि तिने कप उचलून अर्डिथच्या हातात दिला, दोन्ही हातांनी, सांडू नये म्हणून. आई कुणाची अशी उठाठेव करतेय, हे ग्वेनने कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. आईला मैत्रीण होती. आयुष्यभर नव्हती, ती आता होती, आणि नेमकी ही होती. ग्वेनला आनंद झाला आणि त्याच क्षणी फार एकटं वाटलं.

"चला मंडळी!" शेल्बीने टाळी वाजवली. "ज्यांना जमतंय त्यांनी उभं राहा, बाकीच्यांनी बसूनच. उजवा हात छातीवर."

खुर्च्या सरकल्या, काठ्या टेकल्या. आई उभी राहिली, अगदी ताठ.

ग्वेनला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण तिचे पाय वळले आणि ती खोलीच्या बाहेर आली. दार तिने आपल्यामागे ओढून घेतलं. दाराला काच होती.

बाहेर गुळगुळीत फरशी होती, भिंतीला धरून चालायचा दांडा होता आणि पाण्याचं एक यंत्र घरघरत होतं. पंचावन्न वर्षांची, पाणीपुरवठा कचेरीत नोकरी करणारी बाई तिथे हात खाली सोडून उभी राहिली. आतून आवाज आले. काही कापरे, काही मागे रेंगाळणारे, आणि त्या सगळ्यांवरून चढलेला आईचा आवाज, समिती सभेतल्यासारखाच खणखणीत. ग्वेनचे कान त्या एका जागेची वाट बघत होते. तिथे एक पोकळी येईल, श्वासाएवढी, असं तिला अजूनही वाटत होतं. घरी चार जुलैला प्रतिज्ञा म्हणताना आई तिथे थांबायची आणि ग्वेनकडे बघून भुवई उडवायची.

आई थांबली नाही. देवाच्या छायेखाली, असं स्पष्ट, चांगल्या विद्यार्थिनीसारखं म्हणून ती पुढे गेली.

प्रतिज्ञा संपली. आत लोक बसले, कप वाजले, कुणीतरी खोकलं. शेल्बी हवामान वाचून दाखवायला लागली. ग्वेनने आत जायला हवं होतं. तिने दाराकडे हात नेला, आणि तो मागे घेतला. आपण काय करतोय हे तिला समजत होतं, तरी तिला ते दार उघडवेना. शेल्बीला आज उत्तर द्यायचं होतं आणि ते तिच्याकडे नव्हतं. आईला दार लावून खोलीत ठेवलं, तर ती प्रतिज्ञा संपेपर्यंत एकटी दार वाजवत राहील. नाही ठेवलं, तर तिसरीतली ती मुलगी कशासाठी उभी राहिली होती?

मग आतून आईचा आवाज आला. शेल्बीचं हवामान मध्येच तोडून.

"ती मुलगी बाहेर का उभी आहे?"

काचेतून ग्वेनला दिसलं. आई तिच्याकडेच बघत होती. सगळे वळून बघत होते.

"कोणती मुलगी, मिस लॉर्ना?"

"ती काय. दारात. प्रतिज्ञा केव्हाची संपली. कुणाच्या लक्षात कसं येत नाही?" आई चिडली होती, तिचा जुना, खरा राग तिला आला होता. "एवढीशी पोर बाहेर एकटी ठेवतात का? आत घ्या तिला!"

अर्डिथ प्रुइटने मान खाली घातली. शालीची झालर बोटांत धरून ती बसून राहिली. शेल्बी दाराकडे यायला निघाली होती, पण आईला तेवढा धीर नव्हता. ती स्वतःच उठली, चपला घासत आली आणि तिने दार उघडलं.

"ये," ती म्हणाली. "ये, ये."

ग्वेन आत आली. आईने तिचं मनगट धरलं होतं. अर्डिथने चाकं फिरवून आपली खुर्ची बाजूला घेतली आणि तिथे आणखी एका खुर्चीपुरती जागा झाली. शेल्बीने लांबूनच ग्वेनकडे पाहून भुवया उंचावल्या: काय करायचं मग, उद्यापासून? ग्वेनने मान हलवली. नको. दार लावायचं नाही.

ती बसली. आई शेजारी बसली आणि तिच्याकडे निरखून बघत राहिली.

"किती वेळ उभी होतीस गं?"

"बराच वेळ," ग्वेन म्हणाली.

"मग सांगायचं नाही का?" आई म्हणाली, आणि बिस्किटांची बशी तिच्यापुढे सरकवली.