जखमेकडे वळवलेला पंखा

मी एक जुना टेबलपंखा आहे. कोथरूडच्या एका सोसायटीत, श्यामलाबाईंच्या पलंगाजवळच्या स्टुलावर माझे वास्तव्य आहे. मित्रांनो, माझी जाळी लोखंडी असूनही तिला गंज नाही, याचे श्रेय त्यांचे पती बाबुराव यांना. त्यांनी उभी हयात कारखान्यात लोखंड कातणाऱ्या लेथ यंत्रावर काढली. ओल म्हणजे गंज, हा त्यांचा धर्म. पावसाळ्यात ते मला कोरड्या फडक्याने पुसत, तेल देत आणि पाहुण्यांना म्हणत, "आवाज येतोय का, सांगा."

गेल्या वर्षी श्यामलाबाईंच्या घोट्यावर जखम झाली. मधुमेहामुळे ती भरेना. राधा सिस्टर घरी येऊन जखम धूत आणि ओलावा टिकवणारी जेलची पट्टी लावीत.

"काका, नवी कातडी ओलाव्यातच सरकत येते. खपली तिची वाट अडवते. मी येईपर्यंत पट्टी उघडायची नाही."

बाबुरावांनी मान डोलावली. पण सिस्टर जिना उतरताच त्यांनी पट्टी सोडली, जाळीदार कापडाची कोरडी गॉझ ठेवली आणि माझे तोंड जखमेकडे केले.

"अहो, मी काय लोखंडाची आहे?"

"ओल धरली की सगळंच कुजतं. मला शिकवू नकोस."

सुकलेली गॉझ ओढताना कोवळी कातडीही निघून येई. श्यामलाबाई उशीचा कोपरा दातांत धरीत. सिस्टर येण्यापूर्वी तीच जुनी पट्टी पुन्हा चिकटवली जाई. नवऱ्याचा पाणउतारा नको, म्हणून त्या गप्प राहत. माझे बटण माझ्या हाती नव्हते. मी फिरत राहिलो.

एके दिवशी सिस्टरांनी पट्टी उघडली आणि लगेच डॉक्टरांना फोन लावला. जंतू हाडापर्यंत पोहोचले होते. रुग्णालयात श्यामलाबाईंचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

त्या घरी परतल्या, त्या दुपारी बाबुरावांनी सवयीने मला पलंगाच्या पायथ्याकडे वळवले.

"अहो," श्यामलाबाई शांतपणे म्हणाल्या, "तिथं आता कोणी नाही."

 बाबुरावांनी माझी जाळी धरून माझे तोंड श्यामलाबाईंच्या चेहऱ्याकडे केले. त्यानंतर मला कोणी तेल दिलेले नाही. हल्ली मी कुरकुरतो.

मित्रांनो, यंत्राची निगा कोरड्या फडक्याने राखा. माणसाच्या जखमेची निगा मात्र ज्यांना ती कळते, त्यांच्या हाती सोपवा. आणि त्यांनी बांधलेली पट्टी सोडू नका.