कोणाला भेटायचंय?

कारखान्याच्या फाटकावर उभी हयात काढून दरवानकाका निवृत्त झाले आणि घरच्या कॉम्प्युटरपुढे बसले.

या प्रोग्रॅमला आत सोडायचं? अँटिव्हायरसने विचारलं.

नाही.

याला?

मुळीच नाही.

आज परदेशातली लेक नवी नात पहिल्यांदा दाखवणार होती, तर पडदा काळाठिक्कर. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, अँटिव्हायरस उघडा. कोणाकोणाला अडवलंय?"

"व्हिडिओ कॉल, प्रिंटर, घड्याळ," काकांनी ऐटीत वाचलं. "आणि खुद्द अँटिव्हायरस. सारखं अपडेट आणायला बाहेर सोडा म्हणायचा. ड्यूटीवरच्याने फाटक सोडायचं नसतं!"

"अहो, पोर झोपेल तिकडे! सोडा की त्या कॉलला," काकू करवादल्या.

काकांनी जड हाताने कॉल आत सोडला. पडद्यावर नात टकमक बघू लागली.

हा प्रोग्रॅम तुमचा कॅमेरा मागतो आहे. द्यायचा?

बोट सवयीने 'नाही'कडे निघालं. "कोणाला भेटायचंय?" काका नातीवर गुरकावले.

"तुम्हालाच, बाबा!" लेक ओरडली.

काकांनी शर्टाची वरची गुंडी लावली.

"मग येऊ द्या."

होय.