चिलमीचं फडकं

बहात्तरचा दुष्काळ. येडशीजवळ रस्त्याच्या कामावर खडी फोडताना धुरपदाबाईला दिसलं, आपला बलभीम पाण्याची घागर घेऊन त्या उंडग्या पोरांमागं ढिगाआड गेला. तिथं गांजाची चिलीम फिरते, हे साऱ्यांना ठाऊक होतं. सोळाचं पोर ते! पायातली चप्पल हातात घेऊन ती तरातरा निघाली.

ढिगापलीकडून कुणी म्हणालं, "मार की झुरका, भित्र्या! न्हाय तर चिलमीचं फडकं भिजवायला वंजळभर पाणी तरी दे."

"थेंब न्हाय," बलभीम म्हणाला. "कोसावरनं आणलंय. बायांच्या घशाला हाय, तुमच्या फडक्याला न्हाय."

पोरं खिदळली. घागर खांद्यावर घेऊन तो बाहेर आला.

"माय, चप्पल हातात का गं?"

"खडा टोचत होता लई," धुरपदाबाई म्हणाली. "निघाला आत्ता."